डिजिटल ब्रॉडकास्ट कन्सोलवर सेशन लोड केलं की आउटपुटचा पॅच (कोणता सिग्नल कुठे जातो ती जोडणी) बदलतो आणि फोनवरच्या पाहुण्याला स्वतःचाच आवाज ऐकू येतो. सेशन फाइल नीट कशी बांधावी?

या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुधा एकच आहे: जुनं सेशन कॉपी करून त्यातच नवा कार्यक्रम बसवला गेलाय आणि जे स्थिर राहायला हवं तेही सेशनबरोबर बदलतंय.

ब्रॉडकास्ट कन्सोलवर तीन थर वेगळे धरायचे. सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये स्टेजबॉक्स (माइकच्या केबल जोडायचा डबा), सँपल रेट, क्लॉक (सगळ्या डिजिटल उपकरणांचा समान ठोका) आणि जीपीआयओ (दिवे, बटणं यांचे नियंत्रण संकेत) येतात. सेशनमध्ये (काही कंपन्या शो म्हणतात) चॅनेल, बस (अनेक चॅनेल एकत्र मिसळणारी वाट) आणि पॅच. स्नॅपशॉटमध्ये (त्या क्षणाच्या मांडणीची जतन केलेली प्रत) फेडर, ईक्यू, ऑक्स (वेगळ्या मिक्सकडे जाणारी पातळी). ट्रान्समिशनला जाणारं आउटपुट, मॉनिटर, टॉकबॅक (कंट्रोल रूममधून बोलण्याची वाट), माइकचा गेन आणि माइकला वीज देणारे 48 व्होल्ट (फँटम पॉवर) हे स्नॅपशॉटच्या हाती कधीच देऊ नका. ते आयसोलेट किंवा रिकॉल सेफ करा, म्हणजे स्नॅपशॉट बदलला तरी ते जागचे हलणार नाहीत. स्नॅपशॉट बदलताना 48 व्होल्ट चालू किंवा बंद झाले आणि फेडर उघडा असला, तर तो धप्प आवाज थेट ऑन एअर जातो. दोन कन्सोल एकच स्टेजबॉक्स वापरत असतील तर गेनचा ताबा एकाकडेच ठेवा, दुसऱ्याने फक्त डिजिटल ट्रिम वापरावी. नाहीतर इकडे सेशन लोड होतं आणि तिकडे चालू कार्यक्रमातला निवेदक अचानक ओरडू लागतो.

आता पाहुण्याचा प्रश्न. फोन हायब्रिड (फोन लाइन कन्सोलला जोडणारं उपकरण) असो वा कोडेक (नेटवर्कवरून आवाज आणणारं-नेणारं उपकरण), परत जाणाऱ्या मिक्समध्ये तो पाहुणा सोडून बाकी सगळे हवेत. यालाच एन मायनस वन किंवा मिक्स मायनस म्हणतात. हायब्रिडला थेट प्रोग्रॅम बस दिली असेल तर चूक उघडच आहे. पण बरेचदा पॅच बरोबर दिसतो आणि तरीही एको येतो. समजा जुन्या सेशनमध्ये पाहुणा चॅनेल 7 वर होता आणि 7 चा एन मायनस वन हायब्रिडला जात होता. नव्या कार्यक्रमात कुणी इनपुट उचलून 9 वर नेला, पण परतीची वाट 7 चीच राहिली. आता हायब्रिडला ‘7 सोडून सगळे’ मिळतात, आणि त्यात 9 आलाच! म्हणून इनपुट आणि त्याचा एन मायनस वन ही जोडी नेहमी एकत्र हलवा. दोन पाहुणे असतील तर दोन स्वतंत्र एन मायनस वन लागतात. दोघांना सोडून एकच समाईक मिक्स केला तर ते एकमेकांना ऐकूच शकत नाहीत.

तपासणी सोपी आहे, पण कार्यक्रमाआधी, ट्रान्समिशन दुसरीकडे असताना करा. पाहुण्याच्या चॅनेलवर 1 किलोहर्ट्झचा टोन सोडा (युरोपच्या ईबीयू पद्धतीत −18 डीबीएफएस, अमेरिकेच्या एसएमपीटीईत −20; डीबीएफएस म्हणजे डिजिटल कमाल पातळीच्या तुलनेत), चॅनेल प्रोग्रॅमला असाइन करून फेडर उघडा आणि त्याच्याच हायब्रिडकडे जाणारा मीटर पाहा. तिथे टोन दिसता कामा नये, बाकी सगळ्या लाइनवर दिसायलाच हवा. प्रत्येक लाइनसाठी हे वेगळं करा. इथे सगळं बरोबर असूनही एको राहिला तर स्टुडिओचा स्पीकर पाहा. माइक उघडताच स्पीकर म्यूट व्हावा ही खूण अनेक कन्सोलवर चॅनेलच्या सेटिंगमध्ये असते आणि नव्या चॅनेलला ती द्यायची राहून जाते.

मॅडीवर (एकाच केबलवरून अनेक चॅनेल नेणारी डिजिटल जोडणी) 48 किलोहर्ट्झला 64 चॅनेल मिळतात, जुन्या 56 च्या मोडमध्ये 57 ते 64 गप्प राहतात, आणि 96 किलोहर्ट्झला जास्तीत जास्त 32. सँपल रेट दुप्पट केला आणि वरचे इनपुट गायब झाले, तर केबलला दोष देऊ नका.

ठरावीक अंतराने टिकटिक येत असेल तर क्लॉक पाहा. दोन उपकरणं आपापल्या क्लॉकवर चालत असतील आणि फरक दशलक्षात फक्त एकाचा असला, तरी 48 किलोहर्ट्झला साधारण दर 21 सेकंदांनी एक सँपल घसरतो. क्लॉकचा मालक एकच, बाकी सगळे त्याच्या मागे. डांटे आणि एईएस67 (नेटवर्कवरून आवाज नेण्याच्या दोन पद्धती) एकत्र असतील तर आणखी एक गाठ आहे: डांटे मुळात पीटीपीची (नेटवर्कवरून क्लॉक जुळवण्याची पद्धत) पहिली आवृत्ती वापरतं, एईएस67 दुसरी. त्यामुळे डांटे उपकरणावर एईएस67 मोड चालू करावा लागतो. स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट स्ट्रीम फक्त मागणाऱ्या टोकालाच पाठवणं) क्वेरिअरसह हवं, वीज वाचवणारा ईईई मोड बंद हवा. सेशनची प्रत दुसऱ्या कन्सोलवर उघडण्याआधी स्ट्रीमचे मल्टिकास्ट पत्तेही (एकाच वेळी अनेकांना पाठवण्याचे नेटवर्क पत्ते) बदला. दोघांनी एकाच पत्त्यावर पाठवलं तर ऐकणाऱ्या टोकाला नुसता कचरा येतो.

फाइलबद्दल माझा आग्रह एकच: एक कोरा, तपासलेला टेम्पलेट लॉक करून ठेवा आणि प्रत्येक कार्यक्रम त्याच्या प्रतीतून बनवा, गेल्या आठवड्याच्या सेशनमधून नाही. त्यात टोनची चाचणी पार केलेले एन मायनस वन आधीच जोडलेले असावेत, वापर असो वा नसो. फाइलचं नाव रोमन अक्षरांत, तारीख आधी. फर्मवेअर अपडेट करण्याआधी जुन्या आवृत्तीत सेव्ह केलेली प्रत कन्सोलबाहेर ठेवा, कारण नव्यात सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडेलच असं नाही.