कबाल्यातली ‘मुलगी’ कोणाची?

लातूरच्या एका वाचकांनी आजोबांच्या घराचा उर्दू कबाला, म्हणजे खरेदीखत, जाणकाराकडून देवनागरीत उतरवून घेतला आहे. घर गंजगोलाईच्या, म्हणजे तिथल्या गोल बाजारपेठेच्या परिसरातलं. त्या गल्लीत पूर्वी कोण राहायचं, कोणाची दुकानं होती याची यादी ते जमवत आहेत. पण कागदातल्या काही शब्दांपाशी ते अडले. सुरुवातीला ‘मकान मय दो मुलगी’ असं आहे. पुढे चतुःसीमेत (नावं मी वगळतो) ‘शर्क में मुलगी अमुक, गर्ब में मकान ममलूका मुसम्मात अमुक, शुमाल में शारेआम, जुनूब में अराजी उफ्तादा’. ते विचारतात: आजोबांच्या दोन मुली वारल्या होत्या का? घरात तर कोणी कधी बोललं नाही. आणि पूर्वेच्या शेजाऱ्याच्या मुलीचं नाव का दिलं नाही? शारेआम हे कोण?

आधी जिवाला लागलेला प्रश्न सोडवू. ‘मय’ म्हणजे सह, सकट. मयताशी त्याचा संबंध नाही. आणि ही ‘मुलगी’ कोणाची लेक नाही, ते दुकान आहे. ‘मकान मय दो मुलगी’ म्हणजे दोन दुकानांसह घर.

शब्द खरा मलगी. हैदराबादेत दुकानाच्या गाळ्याला मलगी म्हणतात. तिकडच्या भाड्याच्या दाव्यांत आणि कोर्टाच्या निकालांत तो सारखा भेटतो. कन्नडात मळिगे म्हणजे दुकान, तेलुगूतही हा शब्द आहे. निजामाच्या राज्यात तेलुगू, कानडी आणि मराठी मुलूख एका कारभाराखाली होते, दफ्तराची भाषा उर्दू. उर्दूत ळ नाही, म्हणून मळिगेची मलगी झाली आणि कारकुनांच्या लेखणीतून सगळ्या संस्थानात फिरली. लातूरचा भाग तर कानडी मुलखाला लागूनच. कन्नडात माळिगे असाही एक शब्द आहे, त्याचा अर्थ माडी किंवा धाब्याचं छत. आपल्या माळवदाची आठवण त्यामुळे होते, पण दुकानाची मळिगे वेगळी.

मग उकार आला कुठून? लिपीतून. उर्दूत हा शब्द मीम, लाम, गाफ, ये अशा चार अक्षरांत लिहितात. ऱ्हस्व अ, इ, उ यांच्या खुणा रोजच्या लिखाणात कोणी देत नाही. तेव्हा कागदावर दिसतं ते म-ल-गी. त्यात स्वर वाचणाऱ्याने भरायचा. वाचणारा मराठी असला की त्याच्या ओठांवर ‘मुलगी’ आधी येते. उतरवून देणाऱ्याला यात दोष देता येणार नाही. शंका असेल तर त्याच कागदात अनेकवचन शोधा. ‘मलगियात’ दिसलं की प्रश्न मिटला.

शिवाय उर्दू कारकून मुलीला मुलगी कशाला लिहील? दस्तात लेकीसाठी दुख्तर किंवा बिन्त, बायकोसाठी जौजा, विधवेसाठी बेवा येतं. स्त्रीच्या नावाआधी मुसम्मात असतं, ते तुमच्या कबाल्यात पश्चिमेला आहेच. म्हणजे पश्चिमेचं घर एका बाईच्या मालकीचं होतं. गल्लीच्या यादीत हे नाव जरूर घ्या. पुढच्या पिढीच्या सांगण्यात अशी घरं मुलाच्या नाहीतर नवऱ्याच्या नावाने ओळखली जातात आणि मालकीण हरवते.

मलगी म्हणजे नेमकं काय, तेही सांगतो, कारण यादीला त्याचा थेट उपयोग आहे. रस्त्याकडे तोंड असलेली तळमजल्याची खोली. पुढे ओटा, दाराला उभ्या फळ्या. उंबऱ्यात आणि वरच्या चौकटीत खाच असते, तीत एकेक फळी सरकवत न्यायची, शेवटच्या फळीला कडी-कुलूप. फळ्यांवर आकडे घातलेले असत, कारण क्रम चुकला तर शेवटची फळी बसतच नाही. मागे किंवा माडीवर घर. मालक तिथे राही, मलगी कधी स्वतः चालवी, कधी भाड्याने देई. पुण्या-मुंबईकडे ज्याला गाळा म्हणतात त्याच्या अगदी जवळचा हा अर्थ.

म्हणून कागदात मकान आणि मलगी असे दोन शब्द वेगळे येतात ते उगाच नाही. ‘मकान अमुक’ असेल तिथे घर होतं, ‘मलगी अमुक’ असेल तिथे धंदा. एकच नाव गल्लीत दोन ठिकाणी सापडलं तर दोन माणसं समजू नका. राहतं घर एकीकडे आणि पेढी दुसरीकडे असणं बाजारपेठेत नेहमीचंच.

याहून महत्त्वाची जोडी ममलूका आणि मकबूजा. ममलूका म्हणजे मालकीचं, मकबूजा म्हणजे ताब्यातलं. ‘ममलूका व मकबूजा’ असं एकत्र आलं तर मालक आणि वहिवाटदार एकच. नुसतं मकबूजा असेल तर नाव वहिवाटणाऱ्याचं, मालक कदाचित दुसराच. जुन्या रस्त्याचा इतिहास लिहिताना सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. लोकांना आठवतो तो गल्ल्यावर बसलेला माणूस आणि कागदात असतो मालक. दोन्ही खरे असतात, रकाने मात्र दोन हवेत.

शारेआम ही व्यक्ती नाही, तो सार्वजनिक रस्ता. अराजी उफ्तादा म्हणजे मोकळी, पडीक जागा. शर्क पूर्व, गर्ब पश्चिम, शुमाल उत्तर, जुनूब दक्षिण. या चारही सीमांना मिळून हुदूद-ए-अर्बा. ‘दीवार मुश्तरका’ दिसली तर सामाईक भिंत. आता वाक्य वाचा: पूर्वेला दुकान, पश्चिमेला बाईंचं घर, उत्तरेला रस्ता, दक्षिणेला मोकळी जागा. घर उत्तराभिमुख होतं आणि त्या दिवशी मागच्या बाजूला अजून बांधकाम नव्हतं, हेही कळलं.

तो दिवस कोणता? कागदावर 5 बहमन 1345 फसली आहे. फसली म्हणजे महसुली साल. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजूर महिन्याने लागायचं. ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी फसली सालात 590 मिळवायचे, जानेवारीपासून पुढे 591. आजूर, दै, बहमन असा क्रम, म्हणजे बहमन तिसरा. तुमचा कबाला डिसेंबर 1935 चा. बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली 1911 मध्ये, गोलाईची इमारत 1917 ची. पेठ तेव्हा भरात आलेली होती. किमतीपुढे ‘हाली’ आहे त्याचाही विसर पडू देऊ नका. हाली हा निजामाचा रुपया. शंभर कलदार म्हणजे इंग्रजी रुपयांना 116 रुपये 10 आणे 8 पै हाली पडत.

खरा खजिना शेजाऱ्यांच्या कागदांत आहे. तुमच्या पूर्वेच्या मलगीचा कबाला कोणाकडे निघाला तर त्याच्या ‘गर्ब’मध्ये तुमच्या आजोबांचं नाव असेल आणि ‘शर्क’मध्ये त्यापुढचं दुकान. असं एकाला एक जोडत सबंध ओळ उभी राहते. आठवणींवर केलेल्या यादीपेक्षा ही मला कितीतरी जास्त मोलाची वाटते, कारण प्रत्येक नावाला बाजू आणि साल आहे. संस्थान भारतात आल्यानंतर इकडे 1908 चा नोंदणी कायदा लागू झाला. त्याचं कलम 21 शहरातल्या घराचं वर्णन करताना ते रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे हे तर मागतंच, शिवाय आताचा आणि पूर्वीचा भोगवटाही द्यायला सांगतं. नंतरच्या मराठी दस्तांत ‘पूर्वी अमुक यांचे दुकान’ अशी ओळ दिसते ती त्यामुळे. दुय्यम निबंधकांकडे नावावरून शोधायला सूची 1, मिळकतीवरून शोधायला सूची 2. फी भरून दोन्ही पाहता येतात. घरपट्टीची जुनी रजिस्टरं मिळाली तर भाडेकरूंची नावं तिथे लागतील.

तूर्त एक करा. उतरवून देणाऱ्या गृहस्थांना मूळ कागदावर पूर्वेच्या नावाआधी ममलूका आहे की मकबूजा, एवढं पुन्हा पाहायला सांगा. नकलेत तिथे दोन्हीपैकी काहीच नाही, आणि पश्चिमेला आहे. तो शब्द लागला की त्या दुकानाचं नाव कोणत्या रकान्यात घालायचं ते ठरेल.