धुळ्यात राहून बारावीच्या अरबीची तयारी कशी करावी? उर्दू वाचता येते, ते पुरेल का?

लिपीपुरतं पुरेल, अर्थापुरतं नाही. मी भुसावळला असताना याच भ्रमात होतो. ‘गरीब’ हा शब्द अरबीतूनच आपल्याकडे आला, पण अरबीत त्याचा अर्थ परका, विचित्र. उताऱ्याचं भाषांतर अशाच ओळखीच्या शब्दांवर चुकतं. त्यांची वेगळी वही करा.

खरा जोर धातूंवर द्या. क-त-ब ही तीन अक्षरं घ्या: किताब म्हणजे पुस्तक, कातिब लिहिणारा, मकतूब लिहिलेलं, मकतब कचेरी किंवा लिहायचं टेबल. हा साचा एकदा बसला की नवा शब्दही निम्मा उलगडतो. अरबीचे बरेच शब्दकोश धातूप्रमाणे लावलेले असतात, त्यामुळे धातू ओळखता आला नाही तर शब्द सापडतच नाही. आपला ‘हिशेब’सुद्धा ह-स-ब मधला, आणि मुहासिब म्हणजे हिशेबनीस.

अनेकवचन एकवचनाबरोबरच पाठ करा: किताब-कुतुब, कलम-अकलाम. नुसत्या नियमाने ते जमत नाही. तीन ते दहा अंकांचं लिंग नामाच्या उलट असतं, तिथे हमखास चूक होते. भूतकाळाची चौदा रूपं रोज सकाळी मोठ्याने म्हणा.

शेवटचे दोन महिने घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका हाताने लिहा, वाचून भागत नाही. पेपरात शेवटची दहा मिनिटं फक्त नुक्त्यांसाठी ठेवा. खालचं टिंब वर गेलं की ‘ब’चा ‘न’ होतो, वर दोन पडली की ‘त’.