‘रश’ हा कॅनडाचा रॉक बँड नावारूपाला कसा आला? ऐकायला सुरुवात कुठून करावी?

स्थापना १९६८, टोरोंटो. ड्रमर नील पीअर्ट १९७४ साली आला आणि गीतलेखनही त्याच्याकडे गेलं. तिसरा अल्बम ‘केरेस ऑफ स्टील’ (१९७५) आपटला. रेकॉर्ड कंपनीला छोटी, रेडिओवर चालणारी गाणी हवी होती. यांनी नेमकं उलट केलं. ‘२११२’ (१९७६) या अल्बमची पहिली अख्खी बाजू म्हणजे वीस मिनिटांची एकच रचना! तो चालला आणि पुढे कंपनीने ढवळाढवळ केली नाही.

मंचावर तिघंच, पण आवाज भरगच्च. कारण गायक गेडी ली गाता गाता हाताने बेस गिटार किंवा कीबोर्ड वाजवायचा आणि पायाने बेस पेडल (खर्जाचे सूर काढणाऱ्या पट्ट्या) दाबायचा.

सुरुवात ‘मूव्हिंग पिक्चर्स’पासून (१९८१) करा. त्यातल्या ‘टॉम सॉयर’ गाण्याच्या मधल्या वाद्यभागात ठेका चार मात्रांवरून सात मात्रांवर जातो, तिथे मात्रा मोजत ड्रम्स ऐका.