वाचकांचे प्रश्न : लेथच्या टूलसाठी ग्राइंडर कोणता?

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये छोटा लेथ टाकलाय. एचएसएसच्या (हाय-स्पीड स्टीलच्या) कापायच्या टूलना धार लावायला सहा इंची ग्राइंडर पुरेल का? सध्याच्यावर टूल तापून निळं पडतं.

उत्तर : अर्ध्या इंचापर्यंतच्या टूलना सहा इंची पुरतो. पैसे चाकावर घाला. सोबत येणारं करडं चाक काढून ६० ग्रिटचं (मध्यम खरखरीत) पांढरं ॲल्युमिनियम ऑक्साइडचं बसवा. निळं पडल्याने एचएसएस लगेच मऊ होत नाही, पण चाक गुळगुळीत होऊन कापण्याऐवजी घासतंय, हे त्यातून कळतं. ड्रेसर (चाकाचा पृष्ठभाग खरवडून ताजा करणारं हत्यार) फिरवा, जोर कमी लावा. कार्बाइडच्या (एचएसएसपेक्षा कठीण, पण ठिसूळ) टूलला हिरवं सिलिकॉन कार्बाइडचं चाक लागतं. कार्बाइडचं तापलेलं टूल पाण्यात बुडवू नका, तडकतं. टूल-रेस्ट (टूल टेकवायचा आधार) चाकापासून ३ मिमीच्या आत हवा. पत्र्याचा लेचापेचा रेस्ट असेल तर तो ग्राइंडर घेऊच नका. नवं चाक बसवण्याआधी टिचकी मारा. बद्द आवाज आला तर चाकाला तडा असू शकतो, परत करा.