ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये पायथन स्क्रिप्टने अ‍ॅनिमेशनची फ्रेम रेंज (पहिली ते शेवटची फ्रेम) कशी सेट करायची? फाइल्स बऱ्याच आहेत, प्रत्येक हाताने उघडायची नाही.

रेंज ही सीनची असते, ऑब्जेक्टची नाही. बहुतेक जण इथेच चुकतात. बीपीवाय (ब्लेंडरचं पायथन मॉड्यूल), त्याच्या कॉन्टेक्स्टमधून सीन घ्या आणि त्याच्या 'फ्रेम_स्टार्ट' व 'फ्रेम_एंड' यांना आकडे द्या. नव्या फाइलमध्ये ते 1 आणि 250 असतात.

आकडे पूर्णांकच हवेत. अ‍ॅक्शनच्या (म्हणजे साठवलेल्या हालचालीच्या) 'फ्रेम_रेंज'मधून मिळणारे आकडे दशांशात येतात, ते तसेच सीनला दिले की टाइपएरर ठरलेला. आधी इंटमध्ये (पूर्णांकात) बदला. शेवटची फ्रेमही रेंडर होते, म्हणजे 1 ते 240 मध्ये 240 फ्रेम्स, 24 एफपीएसला (सेकंदाला 24 फ्रेम्स) बरोबर 10 सेकंद. 0 ते 240 केलंत तर एक फ्रेम जास्तीची, आणि ती नेमकी आवाज जुळवताना नडते.

फक्त रेंडरपुरतीच रेंज बदलायची असेल तर स्क्रिप्टचीही गरज नाही. कमांड लाइनवर ब्लेंडरपुढे डॅश बी (विंडो न उघडता चालवा), मग फाइलचं नाव, मग डॅश एस 10 (सुरुवात), डॅश ई 120 (शेवट) आणि सगळ्यात शेवटी डॅश ए (अख्खं रेंडर करा). ब्लेंडर हे पर्याय डावीकडून उजवीकडे एकेक करून पाळतो. डॅश ए आधी लिहिलात तर तो जुन्याच रेंजने रेंडर सुरू करतो, तोंडातून अवाक्षर न काढता. (माझी एक अख्खी रात्र यात गेलीय.)

स्क्रिप्टने बदललेली रेंज फाइलमध्ये टिकायला हवी असेल, तर शेवटी 'सेव्ह_मेनफाइल' चालवायला विसरू नका.