मातीचं ‘क्षारीकरण’ म्हणावं का?

एका ताईंचा प्रश्न आहे. जर्मनीतल्या जंगलांवरचा लेख त्या मराठीत आणताहेत. आम्ल झालेल्या मातीत चुना आणि लाकडाची राख घालण्याला ‘क्षारीकरण’ म्हणता येईल का?

माझं मत स्पष्ट आहे: म्हणू नका. ‘क्षारपड’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पांढरा थर चढलेलं उसाचं रान येतं. शाळेतही आपण ‘आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार व पाणी’ असंच शिकलो. हिंदीत मात्र क्षार म्हणजे अल्कली, आणि आपण ज्याला क्षार म्हणतो ते तिथे लवण. त्या वळणाचं ‘क्षारीकरण’ मराठीत वाचलं, तर कुणीतरी जंगलात मीठ ओतलं असंच वाटेल.

हे सांगताना जीव हळहळतो, कारण शब्द मुळात राखेचाच. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात क्षारपाकाचा अध्याय आहे. मुष्कक नावाच्या झाडाच्या लाकडांची रास रचायची, त्यात सुधाशर्करा म्हणजे चुनखडीचे खडे टाकायचे, तिळाच्या काड्यांनी पेटवायचं. मग राख पाण्यात कालवून, पुन्हा पुन्हा गाळून, आटवून क्षार काढायचा. ताईंच्या लेखातली राख आणि चुना तिथे एकाच राशीत आहेत! ‘अल्कली’ हा अरबी शब्दही वनस्पतींच्या राखेवरूनच आला, आणि ‘पोटॅश’मध्ये तर भांडं आणि राख दोन्ही आहेत. पण आजच्या मराठीने क्षार दुसऱ्या कामाला लावला आहे, आणि अनुवाद आजच्या वाचकासाठी असतो.

‘आम्लधर्मी माती’ हा शब्द चांगला असला तरी इथे अपुरा आहे. काही जंगलांची माती मुळातच आम्लधर्मी असते. जर्मनीत प्रश्न आहे तो गंधक आणि नत्राच्या वायूंमुळे पडलेल्या आम्लपावसाचा. त्याने कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन गेलं आणि मुळांना घातक ॲल्युमिनियम सुटं झालं. म्हणून ‘आम्लता वाढलेली माती’ म्हणा, म्हणजे काहीतरी घडलंय हे कळेल. पीएचसाठी शेतकी मराठीतला ‘सामू’ बिनधास्त वापरा. सामू ५ वरून ४ वर आला म्हणजे आम्लता दहापट वाढली, हे मात्र एकदा सांगून टाका.

‘चुना’ही जपून वापरा. हेलिकॉप्टरमधून टाकतात तो कळीचा चुना नव्हे, तर डोलोमाइटी म्हणजे मॅग्नेशियमही असलेल्या चुनखडीची भुकटी, साधारण हेक्टरी ३ टन. ती सावकाश विरघळते. नुसतं ‘चुना’ लिहिलं की वाचकाला पानाची डबी नाहीतर भिंत आठवते. आणि ‘जंगलाला चुना लावला’ असं चुकूनही नको; तो फसवणुकीचा वाक्प्रचार आहे. ‘फवारणी’ ऐकली की द्रव डोळ्यांसमोर येतो, म्हणून कोरड्या भुकटीला ‘धुरळणी’ म्हणा. हाताने पसरत असतील तर आपले शेतकरी खताला म्हणतात तसं ‘फोकणे’.

राखेला राखच म्हणा. जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात ती चुनखडीच्या भुकटीत मिसळतात. तेव्हा ताई, तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘मातीची वाढलेली आम्लता उतरवण्यासाठी जंगलावर राख मिसळलेल्या चुनखडीची धुरळणी करतात.’