डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी खुणा करून घ्या

डिस्ट्रिब्युटर म्हणजे जुन्या पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लगांना क्रमाने वीज वाटणारा भाग. त्याच्या बोल्टला पाना लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. एक नंबरच्या सिलिंडरचा स्पार्क प्लग काढून भोकावर बोट धरा आणि क्रँकशाफ्टच्या पुलीच्या नटवरून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरवा. बोटाला दाब लागला आणि पुलीवरची खूण जुळली की थांबा. नुसती खूण पुरत नाही, कारण ती एक्झॉस्ट स्ट्रोकच्या (धूर बाहेर टाकण्याच्या टप्प्याच्या) शेवटीही जुळते.

आता वायरींसकट कॅप बाजूला करा. रोटरचं (कॅपखालच्या फिरत्या तुकड्याचं) टोक डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर कुठे येतं ते आणि बॉडी ब्लॉकवर कशी बसली आहे ते, दोन्ही कोरून ठेवा. फोटो काढाच, पण खूण जास्त भरवशाची. व्हॅक्यूम पाइप, कॉइलची बारीक वायर आणि क्लॅम्पचा बोल्ट काढून सरळ वर उचला.

तिरक्या दातांचा गिअर असेल तर उचलताना रोटर थोडा फिरतो. तो थांबतो तिथे तिसरी खूण करा. बसवताना सुरुवात तिथूनच. बॉडी शेवटचे काही मिलिमीटर खाली जात नसेल, तर बहुधा ऑइल पंपाच्या शाफ्टची खाच जुळलेली नसते. लांब स्क्रूड्रायव्हरने शाफ्ट किंचित फिरवा. बोल्ट आवळून बॉडी खाली ओढू नका, बोल्टजवळचा कान तुटतो. डिस्ट्रिब्युटर बाहेर असताना इंजिन अजिबात फिरवू नका.

ओ-रिंग नवीनच घाला. पॉइंटचं (आतल्या उघडझाप करणाऱ्या संपर्कांचं) अंतर आधी, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) नंतर; अंतर बदललं की टायमिंगही सरकतं.